एन्काउंटरनंतर कोर्टात नेमकं काय ठरलं? ते शोधून देणाऱ्या सरकारी सोयींचं परीक्षण

२३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी मुंब्रा बायपासजवळ पोलीस व्हॅनमध्ये, बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचा आरोपी अक्षय शिंदे याच्यावर गोळी झाडली गेली आणि काही तासांतच महाराष्ट्राचे दोन भाग पडले. बदलापूर स्टेशनवर मिठाई वाटली गेली, फटाके वाजले, मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले. दुसरीकडे लोक विचारत होते की खटलाच चालला नाही तर शाळेच्या विश्वस्तांपर्यंत प्रकरण जाणार कसं. दफनाला जागा द्यायला ठिकठिकाणी विरोध झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी बंदोबस्तात उल्हासनगरला दफन झालं. पुढचे कित्येक महिने दोन्ही बाजूंच्या मोबाइलवर ‘कोर्टाने म्हटलं आहे की...’ असे संदेश फिरत राहिले.

कोर्टानं खरोखर काय म्हटलं हे घरबसल्या, एक पैसा न देता वाचता येतं. त्यासाठी चार सरकारी सोयी आहेत: मुंबई उच्च न्यायालयाचं संकेतस्थळ, जिल्हा न्यायालयांसाठीचं ई-कोर्ट्स (संकेतस्थळ आणि ॲप), सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर (निकालांचा ऑनलाइन संग्रह), आणि महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरचं एफआयआरचं पान. कायद्याची पदवी नसलेला माणूस एखाद्या गोळीबाराच्या बातमीपासून मूळ आदेशापर्यंत पोचतो का, आणि अडतो तर कुठे, या एकाच कसोटीवर हे परीक्षण आहे. कसोटीला दोन प्रकरणं घेतली आहेत. एक बदलापूरचं, आणि दुसरं उच्च न्यायालयाच्या अंतिम निकालापर्यंत गेलेलं लखनभैया प्रकरण.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी, कारण बहुतेकांचा शोध तिथेच फसतो. पोलीस गोळीबाराचं ‘एक प्रकरण’ कधीच नसतं. मृत व्यक्तीवरचा मूळ खटला तिच्या मृत्यूबरोबर संपतो. पोलिसांवर हल्ला केला म्हणून त्याच मृत व्यक्तीवर वेगळा गुन्हा दाखल होतो. कोठडीतला मृत्यू असल्यानं दंडाधिकारी चौकशी लागते (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७६, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १९६). नातेवाईक उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. संबंधित पोलीस सत्र न्यायालयात जातात आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात. प्रत्येकाचा नंबर वेगळा आणि संकेतस्थळही वेगळं. ‘केस कुठे पोचली?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही याचं कारण हे आहे.

उच्च न्यायालयाचं संकेतस्थळ या चारांत सगळ्यात भरवशाचं. ‘केस स्टेटस’ उघडलं की आधी खंडपीठ, म्हणजे न्यायालयाचं ठिकाण, निवडायचं. ठाणे जिल्ह्यातलं प्रकरण असेल तर मुंबई. मग बाजू: फौजदारी. मग प्रकार, म्हणजे रिट याचिका किंवा अपील, आणि शेवटी नंबर, वर्ष आणि कॅप्चा. इथे एक चौकट बारकाईनं पाहावी: ‘स्टॅम्प’ की ‘रजिस्टर’. याचिका दाखल होताना तिला स्टॅम्प नंबर मिळतो, आणि कार्यालयीन आक्षेप दूर झाले की नोंदणी नंबर. बातमीत नुसता नंबर छापून येतो, तो कोणता हे कळत नाही. एका पर्यायावर काही सापडलं नाही किंवा भलतीच केस उघडली, तर हार मानण्याआधी दुसरा निवडून पाहा. बहुतेक वेळा गाठ तिथेच सुटते.

नंबर माहीतच नसेल तर नावानं शोधता येतं, पण मृत व्यक्तीच्या नावानं शोधू नका. रिट याचिका वडील, आई, भाऊ किंवा पत्नीच्या नावानं असते आणि समोर ‘महाराष्ट्र राज्य’. राज्याच्या नावानं शोधलं तर निकालांचा पूर येतो, मृताच्या नावानं शोधलं तर हाती भोपळा. याचिकाकर्त्याचं आडनाव आणि वर्ष हीच योग्य किल्ली. नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाकावं लागतं आणि एका अक्षराच्या फरकानंही शोध फसतो. म्हणून पूर्ण नावाऐवजी आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं टाकणं शहाणपणाचं.

आदेश सापडला की ही सोय खरोखर उत्तम आहे. पीडीएफवर डिजिटल सही असते, मजकुरात शब्द शोधता येतो, आणि अलीकडच्या आदेशांवर वर्ष आणि ‘बीएचसी’ असलेला तटस्थ उद्धरण क्रमांक (न्यायालयानंच दिलेला ओळख क्रमांक) असतो. फिरत्या संदेशात हा क्रमांक किंवा किमान तारीख आणि खंडपीठ नसेल, तर तो संदेश पुढे पाठवू नये, इतकं साधं आहे. आणखी एक फरक या संकेतस्थळामुळेच कळतो. सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी जे विचारतात ते बातमीत येतं, पण लेखी आदेशात ते असेलच असं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठानं गोळी पायावर का नाही, डोक्यात का, असं विचारलं तेव्हा ‘हायकोर्टाने एन्काउंटर खोटं ठरवलं’ असे मथळे फिरले. ते प्रश्न होते, निष्कर्ष नव्हता. न्यायालयाचा ठोस लेखी निर्णय ७ एप्रिल २०२५ चा: दंडाधिकारी चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आल्यावर विशेष तपास पथक नेमून गुन्हा नोंदवण्याचा. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यात बदल करून पथक नेमण्याचं काम राज्याच्या पोलीस महासंचालकांकडे दिलं. हा क्रम ज्यानं आदेशांमधून पाहिला, त्याला ‘पोलीस दोषी ठरले’ आणि ‘पोलिसांना क्लीन चिट’ हे दोन्ही संदेश चुकीचे आहेत हे लगेच कळतं.

लखनभैया प्रकरणाच्या निकालावर ही सोय सगळ्यात जास्त उपयोगी पडते. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया यांना वाशीतून मित्रासह उचललं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ ‘चकमक’ दाखवली गेली. सत्र न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप दिली, पोलीस अधिकारी प्रदीप शर्मांना निर्दोष सोडलं. १९ मार्च २०२४ ला न्या. मोहिते डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठानं शर्मांची सुटका रद्द करून जन्मठेप सुनावली, १२ पोलीस आणि एका नागरिकाची शिक्षा कायम केली, सहा नागरिकांना सोडलं. निकाल ८६७ पानांचा आहे. तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला तर पन्नासाव्या पानावर माणूस सोडून देतो. उलटं वाचा. आधी शेवटची पानं, तिथे कोणाचं काय झालं ते एकेका ओळीत मिळतं. मग पीडीएफमध्ये तार आणि फॅक्स यांचे इंग्रजी शब्द टाकून शोधा. वकील असलेल्या भावानं, आपल्या भावाला उचललं आहे आणि त्याच्या जिवाला धोका आहे, अशा तारा आणि फॅक्स अधिकाऱ्यांना त्याच दिवशी पाठवले होते. संपूर्ण खटल्याचा कणा तोच आहे. त्यानंतर कॉल नोंदींचा भाग वाचा.

मग अनिल भेडा यांच्यावरचा भाग वाचा. लखनभैयासोबत उचलला गेलेला हा साक्षीदार साक्षीच्या तोंडावर, मार्च २०११ मध्ये बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. त्याच्या मारेकऱ्यांपर्यंत तपास पोचला नाही याबद्दल न्यायालयानं अत्यंत कडक शब्द लिहिले आहेत. बातम्यांत शर्मांचं नाव मोठं झालं आणि हा भाग दोन ओळींत गेला. आमच्या मते या निकालातली सगळ्यात महत्त्वाची पानं हीच आहेत.

शर्मांच्या बाबतीत उच्च न्यायालयाच्या निकालावर थांबणं मात्र चूक ठरेल. ८ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना तूर्त शरण येण्यापासून दिलासा दिला. उच्च न्यायालयाचं संकेतस्थळ हे सांगत नाही. तिथे अपील ‘निकाली’ दिसतं आणि वाचणाऱ्याला वाटतं विषय संपला. हा या सोयीचा सर्वांत मोठा दोष. वरच्या न्यायालयाची स्थगिती त्याच पानावर एका ओळीत दाखवली, तर अर्धे गैरसमज टळतील. (याच प्रकरणात सरकारनं डिसेंबर २०१५ मध्ये ११ दोषी पोलिसांची शिक्षा सहा महिन्यांसाठी स्थगित केली होती. तो आदेश उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये रद्द केला. त्याची याचिका स्वतंत्र नंबरची, मुख्य अपिलाशी तिचा दुवा कुठेच नाही.)

ई-कोर्ट्सची गोष्ट वेगळी. ॲप मोफत आहे, वापरायला सोपं आहे, आणि हातात सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर अर्ध्या मिनिटात पुढची तारीख दिसते. हा नंबर १६ अक्षर-अंकांचा असतो: पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचा संकेत, सहा अंकी प्रकरण क्रमांक आणि शेवटी वर्ष. एकदा केस ‘माय केसेस’मध्ये जतन केली की पुन्हा शोधावी लागत नाही. नावानं शोधताना ‘प्रलंबित’, ‘निकाली’ की ‘दोन्ही’ हे नीट निवडा. जुन्या प्रकरणासाठी ‘दोन्ही’च ठेवा.

पण गोळीबाराच्या प्रकरणात खरी माहिती जिथे असते, तिथेच ई-कोर्ट्स रिकामं पडतं. दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल हा खटला नाही, त्यामुळे तो इथे सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. बदलापूर प्रकरणात पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नसल्याचा निष्कर्ष लोकांपर्यंत पोचला तो अहवाल उच्च न्यायालयात सादर झाल्यामुळे, जानेवारी २०२५ मध्ये. सत्र न्यायालयाचा तारखेवारी रोजनामा (त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद) ई-कोर्ट्सवर दिसतो, पण ‘पुढील तारीख दिली’ यापलीकडे त्यात क्वचितच काही असतं. बाल लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांचे तपशील झाकलेले असतात आणि ते योग्यच आहे. त्या मुलींची ओळख जपणं हे आपल्या कुतूहलापेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

पोलीस पोर्टलवर ‘प्रसिद्ध एफआयआर’ या भागात तारीख, जिल्हा आणि ठाणं निवडून गुन्ह्याची प्रत उतरवता येते. ही सोय उपकार नाही. सर्वोच्च न्यायालयानं ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशात एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं, दुर्गम भागात जास्तीत जास्त ७२ तास. संवेदनशील गुन्हे वगळता येतात, पण तो निर्णय उपअधीक्षक दर्जाखालच्या अधिकाऱ्याला घेता येत नाही. प्रत दिसली नाही तर बाधित व्यक्तीनं अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी अर्ज द्यावा. तीन अधिकाऱ्यांच्या समितीनं तीन दिवसांत त्यावर निर्णय घ्यायचा असतो. शोधताना एक ध्यानात ठेवा: गोळीबारानंतरचा पहिला गुन्हा बहुधा मृत व्यक्तीवर असतो, पोलिसांवर नाही. ‘एफआयआर झाला’ एवढं वाचून समाधान मानू नका. आरोपीच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते पाहा.

ई-एससीआरवर एक निकाल आवर्जून उतरवून ठेवावा: पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तारीख २३ सप्टेंबर २०१४, मुंब्र्याच्या घटनेच्या बरोबर दहा वर्षं आधीची. मूळ वाद मुंबईचाच: १९९५ ते १९९७ मधल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू. सरन्यायाधीश आर. एम. लोढा आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी दिलेल्या १६ सूचना म्हणजे प्रत्येक नव्या घटनेला लावायची मोजपट्टी आहे. गुन्हेगाराच्या हालचालीची खबर लेखी नोंदवली का? तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली केला का? शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी केलं का, त्याचं चित्रीकरण झालं का? नातेवाईकांना लगेच कळवलं का? संबंधितांना लगोलग बढती किंवा शौर्यपदक दिलं गेलं का (ते देऊ नये असं स्पष्ट लिहिलं आहे)? सूचना पाळल्या नाहीत असं वाटलं तर कुटुंब थेट सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करू शकतं. मिठाई वाटणाऱ्यांनी आणि निषेध करणाऱ्यांनी, दोघांनीही हे प्रश्न विचारले असते तर वादाला काही आधार मिळाला असता. निवडक निकालांची मराठी भाषांतरंही सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर असतात. समजून घ्यायला ती बरी, पण अधिकृत मजकूर इंग्रजीच, त्यामुळे वाक्य उद्धृत करायचं तर मूळ पाहून करा.

गुणांकन पाचपैकी: उच्च न्यायालय ४, ई-एससीआर ४, ई-कोर्ट्स अडीच, पोलीस पोर्टल २. कुटुंबाला हे कागद कामकाजासाठी लागणार असतील तर उतरवलेल्या पीडीएफवर विसंबू नये, न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत घ्यावी. मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर तक्रार मोफत आणि ऑनलाइन करता येते, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही आयोगांकडे एकाच वेळी अर्ज टाकू नये, कारण राज्य आयोगापुढे विषय असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही.