ओव्हरलॉक आणि साधं मशीन: सात महिने, पाच कापडी बॅनर

कापडाची कड छाटून तिच्यावर दोरे गुंफणारं ओव्हरलॉक मशीन घरात आलं तेव्हा वाटलं होतं, चला, कडांची कटकट संपली. बॅनर शिवायचा, कडेने सर्रकन फिरवायचा, लटकवायचा. सात महिन्यांत पाच बॅनर झाले. पहिले दोन बघितले की अजून ओशाळायला होतं, तिसरा बरा आहे, आणि शेवटचे दोन मी कुणालाही उलटे करून दाखवीन. मशीन तेच, हात तेच. बदलला तो कामाचा क्रम.

माझ्याकडे साधं घरगुती शिलाई मशीन आहे, सरळ टीप आणि झिगझॅग देणारं, त्याला वॉकिंग फूट (वरचं कापडही खालच्याबरोबर पुढे सरकवणारा मशीनचा पाय) बसवता येतो. ओव्हरलॉक चार दोऱ्यांचं: दोन सुया, दोन लूपर (कडेभोवती दोरा गुंफणारे आकडे), डिफरन्शियल फीड (पुढचे दात मागच्यांच्या तुलनेत कापड किती ओढतात ते प्रमाण) ०.७ ते २.० पर्यंत. बॅनर साधारण ६० बाय ९० सेंटिमीटरचा. वर सुती कापड, मधे बॅटिंग (क्रिकेटशी संबंध नाही, कापसाचा पातळ थर), मागे अस्तर.

पहिल्या बॅनरला मी हौसेने सगळी सजावट आधीच करून टाकली. अक्षरं, लेस, टिकल्या, त्याही अगदी कडेपर्यंत. मग ओव्हरलॉकला लावला. या मशीनमध्ये सुईच्या पुढेच सुरी असते, कापड आधी कापलं जातं आणि मग शिवलं जातं, हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. टिकल्यांच्या ओळीशी आल्यावर ‘कट्ट’ असा आवाज आला, अर्धी टिकली उडून माझ्या चष्म्यावर आपटली आणि सुरीला खाच पडली. तिथून पुढे कड कापल्यासारखी न दिसता उंदराने कुरतडल्यासारखी दिसायला लागली. सुरी बदलावी लागली. टाचण्यांनाही तेव्हापासून ओव्हरलॉकच्या टेबलावर बंदी आहे. प्लॅस्टिकच्या क्लिपा लावते, आणि त्याही पायाशी येण्याआधी काढते.

दुसऱ्या बॅनरवर टिकल्या नव्हत्या, तरी कडा लाटांसारख्या झाल्या. डिफरन्शियल १.० वरून १.३ वर नेलं, लाटा बसल्या. पण थर सरकायचे ते सरकतच राहिले. खालचे दात अस्तर ओढून नेतात आणि वरचं कापड पायाखाली मागे रेंगाळतं. मधे बॅटिंग असली की हे अंतर वाढतच जातं. लांब बाजूच्या टोकाला पोचेपर्यंत वरचं कापड अर्धा सेंटिमीटर जास्त उरलं होतं. पायाचा दाब कमी केला, थोडा फरक पडला, थोडाच.

खरा उपाय साध्या मशीनकडे निघाला. बॅनर मापात कापून झाला की कडेपासून ४ मिलिमीटर आत, वॉकिंग फूट लावून, लांब टाक्याची एक टीप चारी बाजूंनी मारायची. बॅटिंग दबते, तिन्ही थर एकमेकांना धरून बसतात. मग ओव्हरलॉकवर सुरीने जेमतेम सुटे धागे छाटायचे, जास्त काही कापायचं नाही. चार दोऱ्यांचा टाका एवढा रुंद असतो की आतली टीप त्याखाली झाकली जाते. तिसऱ्या बॅनरपासून हे करतेय, त्यानंतर कड सरकलेली नाही.

मापात कापणंही क्विल्टिंग (तिन्ही थर टिपांनी एकत्र शिवणं) झाल्यावरच. टिपा मारत गेलं की कापड आत ओढलं जातं. दाट टिपांच्या एका बॅनरची रुंदी दीड सेंटिमीटरने घटली होती, आणि अक्षरं मध्यावर राहिली नाहीत. आता चारी बाजूंनी ४-५ सेंटिमीटर जास्तीचं ठेवते. टिपा मधून बाहेरच्या दिशेने, टाका ३ मिलिमीटरचा.

अक्षरांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बॅनर लांबून बघणाऱ्याला तेवढंच दिसतं. कापडाची अक्षरं फ्युजिंगने (उष्णतेने चिकटणाऱ्या पातळ थराने) इस्त्री करून चिकटवायची आणि कडेने दाट झिगझॅग: रुंदी ३, टाक्याची लांबी ०.४ मिलिमीटर. वळणावर मशीन थांबवून कापड फिरवताना सुई कुठल्या बाजूला खाली आहे यावर सगळं ठरतं. बाहेरच्या वळणाला सुई अक्षराच्या बाहेर, आतल्या वळणाला अक्षराच्या आत. उलट केलं की टाक्यांमध्ये पाचरीएवढी फट राहते. ‘ळ’ या अक्षराने माझी या बाबतीत पुरेशी परीक्षा घेतली आहे. जरीचा दोरा वापरायचा असेल तर मोठ्या नेढ्याची ९० नंबरची सुई, वरच्या दोऱ्याचा ताण (टेन्शन) कमी आणि वेग अगदी हळू. बॉबिनमध्ये (खालच्या रिळात) जरीचा दोरा नको, साधा भरायचा.

ओव्हरलॉकमध्ये दोरा ओवण्याची भीती सगळे घालतात. पंधरा दिवसांत हात बसतो. फक्त एक गोष्ट: लूपर आधी, सुया शेवटी. खालच्या लूपरचा दोरा तुटला म्हणून मी तेवढाच परत ओवला आणि अख्खी संध्याकाळ दोरा पुन्हापुन्हा तुटत राहिला. सुयांचे दोरे लूपरवर अडकलेले असतात, ते आधी काढून घेतल्याशिवाय नव्या दोऱ्याला नीट वाट मिळत नाही. सुया रिकाम्या केल्या, पहिल्या फटक्यात टाका लागला.

बाहेरचे काटकोन जमतात. टोकाच्या एक टाका पुढे जाऊन थांबायचं, पाय उचलायचा, दोरे किंचित सैल करून कापड मागे घ्यायचं आणि वळवायचं. पण बॅनरच्या खाली उलट्या ‘व्ही’सारखी खाच हवी असेल तर आतला कोपरा ओव्हरलॉकवर नीट येत नाही. साध्या कापडाचा कोपरा सरळ ताणून शिवता येतो, तीन थरांचा तेवढा ताणला जात नाही. दोनदा उसवलं. मग त्या बॅनरला तिरप्या पट्टीचा गोट लावला, साध्या मशीनवर. तो इतका छान दिसतो की जवळून बघायच्या बॅनरला मी आता गोटच लावते.

मग ओव्हरलॉक कशाला? जाड दोऱ्यासाठी. लूपरची भोकं सुईच्या नेढ्यापेक्षा मोठी असतात, त्यात फुगीर नायलॉनचा दोरा जातो आणि कड अशी भरून येते की रंगीत दोरी शिवल्यासारखी वाटावी. दोन्ही लूपरना तोच दोरा घालायचा, म्हणजे मागूनही तशीच दिसते. फक्त बॅनरसाठी कुणी ओव्हरलॉक घेणार असेल तर मी नको म्हणेन. एरवीही शिवणकाम चालू असेल तर घ्यावं. कचरा मात्र अफाट होतो. सुरी बॅटिंगचा भुसा करते आणि तो लूपरच्या आजूबाजूला साठतो, दर बॅनरनंतर ब्रश फिरवावाच लागतो.

मागे काठी घालायची बाही शिवताना ती सपाट शिवू नका, थोडी ढिली ठेवा. नाहीतर काठीची जाडी पुढच्या बाजूला फुगवटा होऊन दिसते.

सहावा बॅनर सध्या मशीनखाली आहे. टिपा झाल्यात, कापायचाय. मणी आणि टिकल्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवली आहे. कडा झाल्यावर आणीन.