सोमवारी ३ ते ५ : सरकारी फाइल बघायला मिळते, त्याचा माझा अनुभव

आमची सोसायटी पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या काठावर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या आणि तळमजल्यावरच्या आजींना आम्ही खुर्चीसकट उचलून जिन्यावर नेलं. ती रात्र इथलं कुणी विसरलेलं नाही. म्हणून यंदा ओढ्यालगत नव्या बांधकामाचे पत्रे लागले, तेव्हा मला एवढंच हवं होतं: सरकारी कागदावर इथे ओढा केवढा दाखवलाय?

त्यासाठी मी सोमवारची अभिलेख पाहणी, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघायची सोय, वापरली. पुणे महापालिकेनं ही पद्धत आधी सुरू केली आणि २०१८ च्या नोव्हेंबरात शासनाच्या आदेशानं ती राज्यभर जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि महापालिकांना लागू झाली. दर सोमवारी दुपारी ३ ते ५. माहिती अधिकाराचा अर्ज नको, ३० दिवस वाट बघणं नको. जायचं, फाइल मागायची, तिथेच बसून वाचायची. सामान्य माणसाच्या हातात यापेक्षा मोठी सोय क्वचितच आली असेल.

मी गेले त्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही. पहिल्या सोमवारी "काकू, फाइल साहेबांकडे आहे, पुढच्या सोमवारी या." दुसऱ्या सोमवारी कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर. दोन्ही वेळा भर उन्हात रिक्षानं परत आले. तिसऱ्या खेपेला शासनाच्या आदेशाची प्रत, सर्व्हे नंबर आणि बांधकाम प्रस्तावाचा क्रमांक एका कागदावर लिहून नेला. नंबर बघितल्यावर दहा मिनिटांत फाइल टेबलावर आली! नुसतं "ओढ्याची फाइल द्या" म्हणून काही होत नाही, हे तेव्हा कळलं.

एका वयस्कर लिपिकांनी मात्र मनापासून मदत केली. "ताई, आधी टिपणी, म्हणजे अधिकाऱ्यांचे शेरे, वाचा. पत्रव्यवहार नंतर. नकाशा शेवटी उघडा, म्हणजे काय बघायचं ते कळेल." अगदी तसंच झालं. फाइलमध्ये दोन नकाशे निघाले. जुन्या, घडीवर फाटलेल्या नकाशात ओढा दोन रेघांचा होता, मध्ये जागा सोडलेली, वळणासकट. प्रस्तावाबरोबरच्या नव्या नकाशात त्याच जागी एकच निळी रेघ, सरळ. रुंदी लिहिलेलीच नाही. मी बोट ठेवून दोन्ही कागद पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. माझ्या खिडकीतून दिसणारं वळण त्या नव्या नकाशात नव्हतं.

तक्रार करायची तर ती पानांची. अर्ध्या फाइलवर पृष्ठ क्रमांकच नाहीत, मग एखादं पान गेलं तर कळणार कसं? टिपणीत स्थळपाहणी अहवालाचा उल्लेख आहे, अहवाल मात्र फाइलमध्ये सापडला नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की अभिलेख सूचीबद्ध हवेत, आणि तो कायदा २००५ चा आहे. दोन तासही अपुरे पडतात. पावणेपाचलाच दिवे मालवायला सुरुवात झाली.

जाणार असाल तर मुठा नदीकाठच्या लोकांनी निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आहे का ते आधी बघा. निळी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. आमच्यासारख्या ओढ्याकाठच्यांनी विकास आराखड्याच्या शीटवर नाल्याची रुंदी शोधावी. सोबत कुणाला तरी न्या. एकानं वाचावं, दुसऱ्यानं उतरवून घ्यावं.

सेवेला ५ पैकी ३. त्या लिपिकांना ५.

दोन्ही नकाशांच्या प्रतींसाठी माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज दिलाय, स्थळपाहणी अहवालही त्यातच मागितलाय. येत्या सोमवारी शेजारच्या सर्व्हे नंबरची फाइल बघायला जाणार आहे, या वेळी सोसायटीतले तिघं सोबत येतायत.