४×५ साठी ९० मिमी की ७५? राइझचा हिशेब करून ठरवा

४×५ इंची शीट फिल्मच्या व्ह्यू कॅमेऱ्यावर (लेन्सची आणि फिल्मची चौकट बेलोजने, म्हणजे घडीच्या भात्याने, जोडलेली असते तो कॅमेरा) पहिली वाइड लेन्स घेताना बहुतेक जण फक्त फोकल लेंथ बघतात: ७५ जास्त वाइड, म्हणजे अडचणीच्या जागेत जास्त कामाची. नुसतं समोरचं दृश्य टिपायचं असेल तर हे बरोबर आहे. पण व्ह्यू कॅमेरा घेतला जातो मूव्हमेंट्ससाठी, म्हणजे लेन्स फिल्मच्या तुलनेत सरकवता-झुकवता यावी म्हणून, आणि मूव्हमेंट किती मिळेल हे इमेज सर्कल (लेन्स फिल्मच्या जागी पाडते त्या गोल चित्राचा व्यास) ठरवतं. आधी तो आकडा बघा, मग फोकल लेंथ.

४×५ शीटवर उजेड पडणारा भाग साधारण ९६×१२० मिमी असतो, कर्ण १५४ मिमी. चौकट आडवी असताना मिळणारा कमाल राइझ (लेन्स किती वर सरकवता येते ते) असा काढतात: सर्कलच्या त्रिज्येच्या वर्गातून ६० चा वर्ग वजा करा, वर्गमूळ घ्या, त्यातून ४८ वजा करा. उभ्या चौकटीला ६० आणि ४८ ची अदलाबदल करायची. खालच्या तक्त्यातले आकडे असेच काढलेले आहेत. सर्कल एफ/२२ चं धरलं आहे. लेन्स पूर्ण उघडी असताना ते बरंच लहान असतं.

| लेन्स | सर्कल (मिमी) | फिल्टर (मिमी) | राइझ, आडवी (मिमी) | राइझ, उभी (मिमी) |
|---|---|---|---|---|
| निक्कोर एसडब्ल्यू ९० एफ/८ | २३५ | ६७ | ५३ | ४७ |
| ग्रँडागॉन-एन ९० एफ/६.८ | २२१ | ६७ | ४४ | ३९ |
| सुपर-अँग्युलॉन ९० एफ/८ | २१६ | ६७ | ४१ | ३६ |
| ग्रँडागॉन-एन ७५ एफ/४.५ | १९५ | ६७ | २८ | २४ |
| सुपर-अँग्युलॉन एक्सएल ७२ एफ/५.६ | २२६ | ९५ | ४७ | ४२ |
| निक्कोर एसडब्ल्यू ६५ एफ/४ | १७० | ६७ | १२ | १० |

प्रत्यक्षात याचा अर्थ काय, ते मुंबईच्या राजाबाई टॉवरवर तपासून बघू. उंची ८५ मीटर, कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर, चौकट उभी, फिल्म ओळंब्यात. ७५ मिमी ग्रँडागॉनला पूर्ण राइझ देऊन कळस चौकटीत आणायला टॉवरपासून साधारण ७४ मीटर लांब उभं राहावं लागेल. ९० मिमी निक्कोरला ७० मीटर पुरतात! लेन्स कमी वाइड, तरी उभं राहता येतं जास्त जवळ. शिवाय ९० वर टॉवर फिल्मवर १०९ मिमी उंच येतो, ७५ वर फक्त ८६ मिमी. ७५ ने जो जादा कोन दिला तो बाजूंना आणि पायाशी खर्च झाला. तिच्या चौकटीत जमीन ट्रायपॉडपासून तीन-सव्वातीन मीटरवरच सुरू होते, ९० मध्ये सुमारे दहा मीटरवर.

अर्थात ९० म्हटलं की सगळ्या सारख्या नाहीत. २१६ मिमी सर्कलच्या सुपर-अँग्युलॉनला तोच कळस ७८ मीटरवरून मिळतो, म्हणजे तिथे ७५ सरस ठरते. खरोखर जवळ जायचं असेल तर ७२ एक्सएल: ५९ मीटर. पण ती मोठी आणि जड आहे, ९५ मिमीचा फिल्टर मागते आणि वापरलेलीसुद्धा महाग पडते. ६५ मिमी या कामाला घेऊच नका. १० मिमी राइझमध्ये इमारत सरळ करता येत नाही, क्षितिज जरासं खाली सरकवता येतं इतकंच.

इथे कॅमेऱ्याची मर्यादाही धरा. लेन्स ४७ मिमी देते आणि फ्रंट स्टँडर्ड, म्हणजे लेन्स धरणारी चौकट, ३० वर थांबतो, असं घडी होणाऱ्या फील्ड कॅमेऱ्यांत सहज होतं. मग बेड (स्टँडर्ड ज्यावर बसतात तो पाया) वर झुकवायचा, पुढचा-मागचा दोन्ही स्टँडर्ड पुन्हा ओळंब्यात आणायचे. उरलेला राइझ असा मिळतो. एवढ्या राइझला वरच्या बाल्कन्या आणि घुमट खालून बघितल्यासारखे ताणलेले दिसतात आणि इमारत डोक्याकडे जड वाटते. मागच्या स्टँडर्डला अंशभर झुकाव ठेवला तर नजरेला बरं वाटतं.

टिल्टच्या (लेन्स पुढे झुकवण्याच्या) बाबतीत दोन्ही लेन्स नाजूक आहेत, ७५ जास्त. लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर असेल आणि फोकसचं प्रतल जमिनीवर आणायचं असेल तर ९० ला सुमारे ३.४ अंश टिल्ट लागतो, ७५ ला २.९. (फोकल लेंथ भागिले उंची, हा त्या कोनाचा साइन.) दीडशेच्या लेन्सवर हेच पावणेसहा अंश असतात, त्यामुळे त्या सवयीने हात फिरवला की वाइडवर हमखास टिल्ट जास्त होतो आणि लांबची झाडं शेंड्याकडे मऊ पडतात. अर्ध्या-अर्ध्या अंशाने द्या आणि दर वेळी फोकस पुन्हा घ्या. आणखी एक गोष्ट: पुढचा टिल्ट सर्कलला फिल्मवर वर ढकलतो, राइझही त्याच दिशेने ढकलतो. ९० वर ३.४ अंशांत पाचेक मिमी राइझ गेला म्हणून समजा. ७५ वर मात्र पुष्कळदा टिल्टची गरजच पडत नाही. एफ/२२ वर, ०.१ मिमीचं अस्पष्टतेचं वर्तुळ (एवढा ठिपका अजून धारदार वाटतो) धरून, तिचं हायपरफोकल अंतर, म्हणजे जिथे फोकस केला की अनंतापर्यंत सगळं धारदार येतं ते, २.६ मीटर आहे. म्हणजे सव्वा मीटरच्या थोडं पुढून अनंतापर्यंत चालून जातं. ९० ला तेच अंतर ३.८ मीटर.

बेलोजचा त्रास ७५ पासून खऱ्या अर्थाने सुरू होतो. अनंतावर फोकस असताना दोन स्टँडर्डमध्ये जेमतेम आठ-साडेआठ सेंटीमीटर उरतात. नेहमीचा घडीचा बेलोज एवढा दाबला की राइझ देताना तो स्टँडर्डला मागे ओढतो आणि समांतरपणा बिघडतो. पुढचा स्टँडर्ड एक अंश स्विंग झाला (डावी-उजवीकडे वळला) तरी आडव्या फिल्मच्या कडेला फोकस सुमारे १ मिमी सरकतो. एफ/२२ ने दिलेली निम्मी सवलत तिथेच संपते. बॅग बेलोज (घड्यांऐवजी मऊ पिशवीसारखा) बसत असेल तर तोच घ्या. नसेल तर खोलगट लेन्सबोर्ड लागतो, पण त्यात अ‍ॅपर्चरची कळ आणि केबल रिलीजची जागा बोटांना सापडत नाही, आकडे वरून वाचता येत नाहीत. ९० बऱ्याच फील्ड कॅमेऱ्यांवर सपाट बोर्डावर चालून जाते, आणि रोजच्या कामात हा फायदा मोठा आहे.

कोपरे तपासायला कोपरे कापलेली ग्राउंड ग्लास (फोकस बघायची दुधी काच) हवी. लेन्स कामाच्या स्टॉपवर आणा आणि कापलेल्या कोपऱ्यातून अ‍ॅपर्चर बघा. पूर्ण भोक दिसलं तर ठीक. लिंबाच्या फोडीसारखं दिसलं तर लेन्सची नळी किंवा फिल्टर आड येतोय. एका बाजूने सरळ कापलेलं दिसलं तर बहुधा बेलोजची घडी. ती बोटाने वर सारा.

कडांचा अंधार दोघींनाही आहे. कोसाइनच्या चौथ्या घाताच्या नियमाने ९० चा कोपरा मूव्हमेंटशिवाय दीड स्टॉपहून थोडा जास्त काळा पडतो, ७५ चा दोन स्टॉप. ९० ला आडव्या चौकटीत ४० मिमी राइझ दिला की लांबचा कोपरा अडीच स्टॉपवर जातो. या लेन्सच्या रचनेमुळे प्रत्यक्षात घट काहीशी कमी असते, तरी ट्रान्सपरन्सीला (स्लाइड फिल्मला) ती झेपत नाही. तिथे सेंटर फिल्टर (मध्यभागी गडद असलेला) घ्या, दीड स्टॉप एक्स्पोजर वाढवा, आणि लेन्स किमान दोन स्टॉप बंद ठेवा. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हला प्रिंट करताना कोपरे सावरता येतात.

९० मध्ये एफ/८ की एफ/४.५? निक्कोरच्या दोन्हींचं सर्कल २३५ मिमीच. एफ/४.५ ग्राउंड ग्लासवर तिपटीहून जास्त उजेड देते, पण वजन ३६० वरून ६०० ग्रॅमवर आणि फिल्टर ६७ वरून ८२ मिमीवर जातो. देवळांचे गाभारे, चर्चची आतली बाजू हेच मुख्य काम असेल तर ती घ्या. बाहेरच्या कामाला एफ/८ आणि चांगला फ्रेनेल (ग्राउंड ग्लासवरचा उजेड एकसारखा करणारं पातळ भिंग) पुरतो.

निकॉनने मोठ्या फॉरमॅटच्या लेन्स २००६ मध्ये थांबवल्या, त्यामुळे निक्कोर आता वापरलेल्याच शोधायच्या. शटर १ सेकंदावर ऐकून बघा. घरघर मध्येच अडत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरा. टॉर्च मागून मारून बुरशी बघा, किनारपट्टीच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्सवर तर नक्कीच. श्नायडरच्या लेन्समध्ये आतल्या काळ्या रंगावर पांढरे ठिपके दिसतात, त्यांनी चित्र बिघडत नाही. मागचा सेल (लेन्सचा शटरमागचा भाग) कॅमेऱ्याच्या तोंडातून जातो का तेही पाहा, मोठ्या एफ/४.५ बाबत विशेष. सेल काढताना मध्ये पातळ पितळी शिम (अंतर राखणारी चकती) निघाली तर ती त्याच बाजूला परत बसली पाहिजे; ती हरवली की दोन सेलमधलं अंतर बदलतं आणि कोपऱ्यांची धार जाते.