मयत मालकाचे मुखत्यारपत्र

जुळे सोलापुरातील प्रशस्त घर विकून नवी पेठेच्या आसपास लहानशी सदनिका घ्यावी, असे आम्ही उभयतांनी ठरवले. मुले पुण्यात स्थायिक आहेत, वरच्या मजल्याची झाडलोट आता होत नाही आणि औषध आणायचे तरी रिक्षा करावी लागते. याउलट नवी पेठेत लक्ष्मी मंडई आणि सिद्धेश्वर मंदिर पायी गाठता येते.

एका मध्यस्थाने दुसऱ्या मजल्यावरची सदनिका दाखवली. भाव बाजारापेक्षा कमी होता. "काका, दोन वर्षांत घर घेतलं नाही तर जुन्या घराचा सगळा पैसा टॅक्समध्ये जाईल," असे तो वारंवार बजावत असे. हे अर्धसत्य होते. कर लागतो तो विक्रीच्या सगळ्या रकमेवर नव्हे, भांडवली नफ्यावर, म्हणजे घर विकून झालेल्या फायद्यावर. आणि प्राप्तिकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर मिळाले नाही, तर त्या नफ्याची रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवून दोन वर्षांच्या मुदतीत सवडीने घर शोधता येते. मोठे घर विकून बसलेल्या ज्येष्ठांना घाई करायला लावण्याचे हे ठरलेले हत्यार असावे.

मालक परगावी असून त्यांनी आपल्याला त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र दिले आहे, असे सांगून त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतली एक झेरॉक्स दाखवली, विसारापोटी 5 लाख रुपयांचा धनादेश स्वतःच्या नावे घेतला आणि विसारपावती नोटरीसमोर करून दिली. पुढे जिन्यात भेटलेल्या शेजारच्या मावशींना आम्ही मालकांविषयी विचारले, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "ते कवाच वारले की ओ. पोरांचं भांडण चालूय."

मुखत्यारपत्र देणारा मयत झाला की असे साधे मुखत्यारपत्र 1872 च्या करार कायद्यानुसार संपुष्टात येते. त्याची नोटरी झालेली असली तरी त्यात प्राण येत नाही. नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिकेवर त्या इमारतीला मयताचेच नाव होते, वारसनोंद झालेली नव्हती. आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येणाऱ्या सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्यात, त्या सदनिकेचा कुठलाही अलीकडचा व्यवहार आढळला नाही. हे दोन्ही कागद विसार देण्यापूर्वी हाती असावेत, मूळ मालकाशी किंवा सर्व वारसांशी समक्ष बोलणे व्हावे, आणि धनादेश काढायचा तो त्यांच्याच नावे. मध्यस्थाला द्यायची ती फक्त दलाली, तीही दस्त नोंदल्यावर. महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक विचारल्यावर याने विषय बदलला होता, हेही येथे नमूद करतो.

वकिलांची नोटीस गेल्यावर त्याने थोडी रक्कम परत केली. उरलेल्या रकमेसाठी पोलिसांत तक्रार दिली आहे. तूर्त आम्ही मुरारजी पेठेत भाड्याने राहतो. त्या सदनिकेच्या दारावर "विकणे आहे" ही पाटी अजून आहे आणि खाली फोन नंबर त्याचाच आहे.