ज्येष्ठांसाठीची सरकारी मदतवाहिनी: सेवा उत्तम, निधी अपुरा

शेजारच्या आजींची पेन्शन त्यांचा मुलगा परस्पर काढून घेतो, हे कळल्यावर आम्ही सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मदतवाहिनीला फोन केला. समुपदेशक बाईंनी मुलगा घरात नसताना आजींशी थेट बोलून, तक्रार करायची की नाही हा निर्णय त्यांच्यावरच सोपवला, हे मला फार मोलाचे वाटले. प्रत्यक्ष भेटीला मात्र बराच उशीर झाला, कारण एवढ्या मोठ्या भागासाठी कार्यकर्ता एकच होता आणि त्याचेही मानधन थकलेले होते. साठीपुढच्या दर ६ जणांपैकी साधारण एकाला वर्षभरात छळाला तोंड द्यावे लागते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असताना, सरकारने जाहिरातींआधी माणसे नेमण्यावर खर्च करावा. फोन करताना पासबुक हाताशी ठेवावे. पुढच्या चौकशीत त्याचा उपयोग होतो.