सुट्टीतील घरबांधणी: ‘कॉलेजिएट चॅलेंज’विषयी

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी वसंतातील सुट्टी कशी घालवावी असे विचारले, तर मी गरजू कुटुंबांसाठी घरे बांधणाऱ्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘कॉलेजिएट चॅलेंज’चे नाव निःसंकोच घेईन. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात विद्यार्थी भिंतींचे लाकडी सांगाडे उभारतात, रंगकाम करतात, आणि ज्यांनी कधी हातोडी धरलेली नाही त्यांनाही जागेवरच शिकवले जाते. मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की घर फुकट वाटले जात नाही: ज्या कुटुंबाला ते मिळणार असते, ते स्वतः साधारणपणे शेकडो तास श्रमदान करते आणि नंतर परवडणाऱ्या हप्त्यांनी कर्ज फेडते, त्यामुळे विद्यार्थी आणि घरमालक खांद्याला खांदा लावून राबतात. (लोणावळ्याजवळ २००६ मध्ये याच संस्थेने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहभागाने शंभर घरांचे काम हाती घेतले होते, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.) प्रवासखर्च आणि सहभागाची रक्कम गटालाच उभी करावी लागते, ही अडचण खरी आहे. आठवड्याभरात पूर्ण घर पाहण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये. आपण सोडलेले काम पुढचा गट हाती घेतो.