टाइप तपासणाऱ्या मेथडचं डॉक्युमेंटेशन: एक वाक्य की चालणारी उदाहरणं?

पायथनमध्ये 'इज नंबर', 'इज टेक्स्ट' अशा मेथड लिहून झाल्या की डॉकस्ट्रिंगपाशी (कोडमध्येच मेथडचं वर्णन लिहायच्या जागेपाशी) हात थबकतो. एक नेटकं वाक्य लिहायचं, की डॉकटेस्टनं, म्हणजे डॉकस्ट्रिंगमधली उदाहरणं चालवून उत्तरं जुळवणाऱ्या साधनानं, चालवून बघता येतील अशी उदाहरणं द्यायची?

वाक्याची बाजू लंगडी नाही. 'व्हॅल्यू संख्या असेल तर ट्रू परत देते.' एका नजरेत कळतं आणि त्यात खोटं काहीच नाही. फक्त संख्येत कोणाकोणाला धरलंय, ते कळत नाही.

पायथन २.३ पासून बूल (ट्रू-फॉल्सचा टाइप) हा इंटचाच (पूर्णांकांच्या टाइपचा) उपवर्ग आहे, त्यामुळे टाइप तपासणारं इझइन्स्टन्स ट्रूलाही इंट मानतं. आमची छोटी लायब्ररी नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याच्या हिशेबात चालते. तिथे 'माल उतरला का?' या रकान्यातला प्रत्येक 'हो' संत्र्यांच्या पेट्यांच्या बेरजेत एक पेटी वाढवायचा. मेथड तिच्या वाक्याला धरूनच वागत होती! मग टीममधल्या पोरांचे फोन सुरू: "भाऊ, ट्रू टाकला त काय येते? नन (म्हणजे रिकामी व्हॅल्यू) टाकला त?" वाक्य वाचून झाल्यावरच विचारायचे, आणि दर वेळी मलाही सोर्स उघडावा लागायचा. माझ्यापुरता निकाल या कटकटीनंच लावला.

देवनागरीत तर उदाहरणांवाचून सुटका नाही. 'नागपूर'वर इझअल्फा (सगळी अक्षरंच आहेत का, हे तपासणारी मेथड) चालवा, फॉल्स येतं, कारण काना आणि ऊकार युनिकोडच्या हिशेबी चिन्हं आहेत, अक्षरं नाहीत. उलट देवनागरीत टाइप केलेला '४४०००१' हा पिनकोड अंक तपासणाऱ्या इझडिजिटला चालतो, संख्येत बदलणाऱ्या इंटलाही चालतो. हे सगळं एका वाक्यात कोंबून दाखवा.

डॉकटेस्टचा जाच आहेच. आउटपुट अक्षरशः जुळावं लागतं. एखादी स्पेस जास्त झाली की नापास. पायथनच्या नव्या आवृत्तीत एरर मेसेजचे शब्द बदलले तरी तेच. पण निदान डॉक्युमेंटेशन शिळं झाल्याचं कळतं तरी. टाइप हिंट (कोडमध्ये लिहिलेली टाइपची सूचना) पुरेत म्हणणारेही भेटतात. उत्तर बूल येईल एवढं हिंट सांगते. ट्रू कधी येईल, हे नाही.

लायब्ररी शेजारी बसणाऱ्या दोघातिघांपुरती असेल, तर वाक्यावर भागेलही. बाहेरचे लोक वापरणार असतील, तर मी तरी एक वाक्य आणि त्याखाली चार उदाहरणं देईन: साधी संख्या, ट्रू, नन आणि अंकांची स्ट्रिंग. जागा कमी पडली, तर साधी संख्या गाळेन.